तुम्ही विचारलंत म्हणून: त्या कंपनीचा माल घ्यायचा की नाही?

नागपुरात धंतोलीतल्या माझ्या ऑफिसात माणसं रिटर्न भरायला येतात, फाइल पुढं सरकवतात आणि सह्या होईपर्यंतच्या वेळात हा प्रश्न काढतात. "मॅडम, त्या अमुक कंपनीनं निवडणुकीत तमक्यांना पैसा पुरवला म्हणतात. मग तिचं तेल-साबण काहून घ्यायचं जी?" विचारणारे सगळ्या पक्षांचे असतात. ज्याला जो पक्ष नको, त्याला त्या पक्षाला पैसे देणारी कंपनीही नको असते. अमेरिकेत लोक असं करतात, मग आपणच का गप्प बसायचं, असंही कुणी ऐकवतं.

तर एकदाच नीट लिहिते. माल बंद करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि कारण पटलं तर मीही बंद करते. पण हिशेब न बघता केलेला बहिष्कार मला मान्य नाही. तो हिशेब आपल्या नजरेस पडू नये म्हणून जो आटापिटा चालतो, खरं तर त्यावर चिडायला हवं. आपण मात्र राग साबणाच्या वडीवर काढून मोकळे होतो.

हक्क का आहे, ते आधी सांगते. कंपनीला मत नसतं. मतदार यादीत तिचं नाव नाही. तरी कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १८२ प्रमाणे तीन वर्षं पूर्ण झालेली कुठलीही बिगर-सरकारी कंपनी राजकीय पक्षाला देणगी देऊ शकते. संचालक मंडळाचा ठराव त्याला पुरतो. भागधारकांना विचारावं लागत नाही, कामगारांना आणि गिऱ्हाइकांना तर नाहीच. वर आयकरात त्या रकमेची पूर्ण वजावट मिळू शकते. म्हणजे तुमच्या-आमच्या खरेदीतून झालेल्या नफ्यातलं काय कुणाच्या प्रचाराला जाणार, हे टेबलाभोवती बसलेली आठ-दहा माणसं ठरवतात. पुढचा पुडा घ्यायचा की नाही, एवढंच आपल्या हातात उरतं. त्याला कुणी क्षुल्लक म्हणू नये, नागपूरकरांनी तर नाहीच. डिसेंबर १९२० मध्ये याच गावातल्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब झालं, आणि परदेशी मालावरचा बहिष्कार त्या कार्यक्रमातच होता.

आता अमेरिकेचा दाखला देता, तर तो पुरता द्या. तिथल्या काही राज्यांत लोक उमेदवारांसोबत एखाद्या कायद्यावरही थेट मत देतात. कॅलिफोर्नियात २०१२ साली असाच एक प्रस्ताव होता, क्रमांक ३७: जनुकं बदललेल्या पिकांपासून केलेल्या खाद्यपदार्थांवर तसं छापलं पाहिजे. विरोधात बियाणं कंपन्या आणि मोठ्या खाद्यकंपन्यांनी सुमारे साडेचार कोटी डॉलर ओतले. प्रस्ताव थोडक्यात पडला. देणगीदारांची नावं मात्र तिथं मतदानाआधीच जाहीर होतात, म्हणून सेंद्रिय माल घेणाऱ्यांना एक गोष्ट कळली. आपण विश्वासानं घेतो ती 'काशी' ब्रँडची सीरियल्स केलॉगची आहेत, ऑनेस्ट टी कोका-कोलाचा आहे, आणि या दोन्ही बड्या कंपन्यांनी प्रस्ताव पाडायला पैसे दिलेत. लोकांनी त्या ब्रँडांवर बहिष्काराची हाक दिली.

पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यात तसाच प्रस्ताव मताला आला, तेव्हा या कंपन्या शहाण्या झाल्या होत्या. किराणा मालाच्या उत्पादकांच्या संघटनेनं सभासद कंपन्यांकडून वेगळा निधी गोळा केला आणि १.१ कोटी डॉलर स्वतःच्या नावावर दिले, म्हणजे कुठल्याच ब्रँडचं नाव पुढं यायला नको. राज्याच्या महाधिवक्त्यांनी कोर्टात खेचलं. संघटनेच्याच कागदांतून दिसलं की सभासदांना गिऱ्हाइकांच्या रोषापासून वाचवायचं होतं. २०१६ साली १.८ कोटी डॉलर दंड झाला आणि तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही टिकला.

हे प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. कंपन्या बहिष्काराला भितात, हे त्यातून कळतं. पण भ्यालेली कंपनी देणगी थांबवेल की लपवेल, हे त्या जागेचा कायदा ठरवतो. तिथं लपवणं महागात पडलं. आपल्याकडं काही वर्षं लपवणं हाच कायदा होता.

पूर्वी आपल्या कंपनी कायद्यात दोन अटी होत्या. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त देणगी देता येत नसे, आणि कुठल्या पक्षाला किती दिलं हे नफा-तोट्याच्या पत्रकात लिहावं लागे. २०१७ च्या वित्त कायद्यानं मर्यादा उठवली आणि पक्षाचं नाव लिहायची गरजही काढली. २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले: बँकेतून विकत घ्यायचे, पक्षाला द्यायचे, देणाऱ्याचं नाव लोकांना कळणार नाही. देणगीदाराला विरोधी पक्षाकडून त्रास होऊ नये म्हणून गुप्तता हवी, असं सरकारचं म्हणणं होतं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं ती योजना रद्द केली, कंपनी कायद्यातले ते बदलही रद्द केले आणि सांगितलं की पैसा कुठून येतो हे कळणं मतदाराचा हक्क आहे. मतदाराचा तो हक्क, तोच गिऱ्हाइकाचाही आधार. नाव माहीत नसेल तर बंद काय करणार?

त्याच मार्चमध्ये निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर रोख्यांच्या याद्या आल्या त्या रात्री मी त्या शेवटच्या पानापर्यंत चाळल्या. एका फायलीत तारीख, रोखा घेणाऱ्याचं नाव आणि रक्कम. दुसरीत तारीख, पक्षाचं नाव आणि रक्कम. एक कोटी, एक कोटी, एक कोटी, मध्येच दहा लाख. एकेक नाव ओळीमागून ओळ येत राहतं. पण कुणाचा रोखा कुणी वटवला, हे जोडायला दोन्हींमध्ये काहीच नव्हतं. रोख्यांचे क्रमांक न्यायालयानं पुन्हा खडसावल्यावर २१ मार्चला आले. आणि त्या मधल्या आठवड्यातच, म्हणजे जोडणं शक्यच नव्हतं तेव्हा, माझ्या फोनवर कुणी कुणाला दिलं याच्या तयार याद्या फिरत होत्या. यादीतली हब पॉवर ही पाकिस्तानची कंपनी आहे, असाही मेसेज आला होता. पाकिस्तानच्या त्या नावाच्या कंपनीला खुलासा करावा लागला की आमचा याच्याशी काही संबंध नाही. असल्या मेसेजवर दुकानातला माल नाकारणारी शिकलेली माणसं मी पाहिली आहेत.

त्या यादीत आणखी एक गोष्ट होती, जिचा कुणी फारसा विचार करत नाही. सगळ्यात वर फ्यूचर गेमिंग ही लॉटरीची कंपनी, १,३६८ कोटींची. तिच्याखाली मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटींची, बोगदे, धरणं, पाइपलाइनी बांधणारी. पुढं खाणी, वीज, पोलाद. लॉटरीचं तिकीट सोडलं तर अशी कंपनी आपल्याला दुकानातून फारसं काही विकत नाही. तिचं गिऱ्हाईक सरकार, नाहीतर दुसऱ्या कंपन्या. पाण्याच्या पाइपलाइनवर बहिष्कार टाकून जाणार कुठं? म्हणजे ज्यांनी सगळ्यात जास्त दिलं त्यांना आपला हात पोचत नाही, आणि बिस्किटवाला-साबणवाला हाताशी असतो म्हणून मार त्याला बसतो. शिवाय बऱ्याच कंपन्यांनी एकापेक्षा जास्त पक्षांना दिलं होतं, हे फिरवलेल्या याद्यांत नसायचंच. जो पाठवतो तो आपल्या नावडत्या पक्षाचीच ओळ ठेवतो.

मार कसा बसतो, ते इतवारीच्या ठोक बाजारात बघा. माझे एक क्लायंट एका मोठ्या कंपनीचे डिस्ट्रिब्युटर आहेत. त्या कंपनीवर बहिष्काराचा मेसेज फिरला आणि आठवड्याभरात वस्त्यांमधल्या दुकानांनी ऑर्डरी आखडत्या घेतल्या. कंपनीचं बिल आधीच फाटलेलं होतं, पैसे आगाऊ गेलेले. टार्गेट त्या महिन्यातही कमी झालं नाही. चार-पाच टक्क्यांच्या मार्जिनवर चालणारा धंदा, गाळ्यात खोके छतापर्यंत, आणि खालच्या थराची एक्सपायरी जवळ आलेली. दुकानदारांनी परत केलेल्या मालाचा क्लेम कंपनीकडं अडकला. त्यांनी दोनपैकी एक छोटा हत्ती उभा करून ठेवला आणि त्याच्या ड्रायव्हरला "पुढच्या महिन्यात बघू भाऊ" असं सांगितलं. मी त्या कंपनीचा वार्षिक अहवाल काढला. राजकीय देणगीची नोंद निरंक होती. मागच्या वर्षीही निरंक, इलेक्टोरल ट्रस्टच्या, म्हणजे कंपन्यांकडून देणग्या घेऊन पक्षांना देणाऱ्या संस्थेच्या, नावावरही काही नाही. रोख्यांच्या यादीतही तिचं नाव नव्हतं. मी तो कागद त्यांना दाखवला तर ते म्हणाले, "मॅडम, आता हे कोणाकोणाले दाखवू?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

म्हणून मी आधी बघते की पैसे कुणी दिले. टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीनं २०१० मध्ये मिनेसोटाच्या गव्हर्नरपदाच्या एका उमेदवाराला मदत करणाऱ्या गटाला दीड लाख डॉलर दिले, कंपनीच्या तिजोरीतून. तो उमेदवार समलिंगी विवाहाच्या विरोधात होता. गिऱ्हाइकांनी दुकानांसमोर निदर्शनं केली, आणि कंपनीच्या प्रमुखांना आपल्या कर्मचाऱ्यांची लेखी माफी मागावी लागली. हा बहिष्कार मला रास्त वाटतो. रक्कम माहीत, हेतू माहीत, आणि जाब विचारला तो निर्णय घेणाऱ्यालाच. याउलट २००८ मध्ये समलिंगी विवाह बंद करणाऱ्या प्रस्ताव ८ च्या वेळी लॉस एंजेलिसमधल्या एका जुन्या रेस्टॉरंटच्या व्यवस्थापक बाईंनी स्वतःच्या खिशातून १०० डॉलर दिले होते, तर रेस्टॉरंटवरच बहिष्कार पडला. तो प्रस्ताव अन्यायाचाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एका माणसाच्या १०० डॉलरसाठी वेटर-आचाऱ्यांचं पोट मारणं मला पटत नाही.

इथं एक रेघ मी फार जाड ओढते. आपल्याकडचे मेसेज कंपनीच्या देणगीवरून सुरू होतात आणि तिसऱ्या ओळीत मालकाच्या जातीवर, धर्मावर येतात. मग कंपनी बाजूला राहते आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून घेऊ नका असं सुरू होतं. दीक्षाभूमीच्या गावात राहून हे मी ऐकून घेणार नाही. दुकान बंद, विहीर बंद, कामावर घेणं बंद, ही हत्यारं आपल्या समाजानं कुणावर चालवली हे आपल्याला पाठ आहे. १९४७ साली संविधान सभेसाठी केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली होती. महाराष्ट्रात त्याविरुद्धचा वेगळा कायदा २०१६ चा, अंमलात आला २०१७ मध्ये. कंपनीच्या संचालक मंडळाला पैशाचा जाब विचारणं आणि माणसाला त्याच्या जन्मावरून वाळीत टाकणं, या दोन्हींना एकाच मेसेजमध्ये जागा देऊ नका. माझ्याकडं तसं काही आलं तर मी पाठवणाऱ्याला फोन करून सांगते.

मग करायचं काय? कंपनीच्या संकेतस्थळावर वार्षिक अहवाल असतो. त्यात हिशेबांखालच्या टिपांमध्ये "इतर खर्च" शोधा, तिथं राजकीय देणगीची ओळ असते. इलेक्टोरल ट्रस्टला दिलं असेल तर आयोगाच्या संकेतस्थळावर ट्रस्टचा अहवाल बघा. कुठल्या कंपन्यांनी दिलं आणि कुठल्या पक्षांना गेलं हे त्यात असतं, कुणाचे कुणाला हे मात्र नाही. कुठला पक्ष घेतो त्यापेक्षा कंपनी त्याबद्दल बोलते का, हे मी आधी बघते. पटलं नाही तर माल बंद करा, आणि कंपनी सेक्रेटरीला पत्र टाका: या वर्षी इतकी रक्कम अमक्याला दिलीत, म्हणून मी घेत नाही, अमुक केलंत तर परत घेईन. न कळवता बंद केलेला पुडा कंपनीच्या लेखी नुसती मंदी असते. एखादा शेअर असेल तर वार्षिक सभेत विचारा.

आणि हे सगळं केलं तरी आपण उशिरा पोचतो. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं. त्याआधी ऑक्टोबरमध्ये एखाद्या कंपनीनं दिलेली देणगी तिच्या अहवालात दिसणार ती २०२५ च्या पावसाळ्यात, सरकार बसून अर्धं वर्ष उलटल्यावर. कॅलिफोर्नियात मतदानाआधीच्या ९० दिवसांत १,००० डॉलर किंवा त्याहून मोठी देणगी आली तर २४ तासांत जाहीर करावी लागते. आपल्याकडं बँकेतून गेलेली रक्कम दुसऱ्या दिवशी आयोगाच्या संकेतस्थळावर टाकणं अवघड नाही. जीएसटीचं बिल आम्ही रोजच्या रोज ऑनलाइन चढवतोच आहोत. येत्या निवडणुकीत मत मागायला जो कुणी दारात येईल, त्याला मी हेच विचारणार आहे: देणगीचा आकडा मतदानाआधी उघड करणारा कायदा तुमचा पक्ष आणणार का? तुमच्या दारात आले तर तुम्हीही विचारा.