हळद, भिवंडी आणि ई-वे बिलाचे आठ तास

गेल्या जुलैत भिवंडीतल्या एका गोदामाच्या गेटबाहेर माझी गाडी ४६ तास उभी होती. त्यांच्या रजिस्टरला मात्र आत आली ९ वाजता, बाहेर गेली १ वाजता, म्हणजे चार तास. त्या रजिस्टरचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय. ज्याने नुकताच एकट्याने ट्रक हातात घेतला असेल त्याला यातलं काहीतरी उपयोगी पडेल.

मी सांगलीचा. मामाच्या गाडीवर तीन वर्षं किन्नर, म्हणजे क्लीनर होतो. हलक्या गाडीचं लायसन्स काढून वर्ष झाल्याशिवाय जड वाहनाचं शिकाऊ लायसन्स मिळत नाही. ते वर्ष गेलं, चाचणी झाली, लायसन्स आलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. जूनच्या शेवटी मामाच्या ओळखीच्या एका मालकाने दहा चाकी दिली आणि म्हणाला, "किन्नर परवडत नाही बाबा आता. जमंल का एकट्याला?" मी गाडीकडे बघत होतो, त्यामुळे 'एकट्याला' हा शब्द नीट ऐकलाच नाही. जमंल म्हटलं.

चालवण्याची भीती सगळ्यात आधी गेली. सांगलीहून पुण्याकडे भरलेली गाडी घेऊन जाताना दोन जागा सांभाळायच्या, हे मामाने इतक्या वेळा बजावलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. एक खंबाटकीच्या बोगद्यानंतरचं एस वळण आणि दुसरी कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. तिथे गाडी न्यूट्रल करायची नाही. डिझेल वाचतं म्हणून इंजिन बंद करणारे महाभाग तर अजून आहेत. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. मग टाकीत उरलेली हवा दोन-चार ब्रेकात संपते, स्टेअरिंगही दगडासारखं होतं. मामा म्हणायचा, ज्या गिअरमध्ये चढवशील त्याच गिअरमध्ये उतरव आणि डोळा हवेच्या काट्यावर ठेव. मी तेच केलं. कार मागून हॉर्न वाजवत होत्या, वाजवू दिले. पहिल्या फेरीला नवले पूल मागे पडला तेव्हा बनियन पाठीला चिकटलं होतं. तिसऱ्या फेरीला तिथेच मी शेंगदाणे खात होतो.

एकटं असण्याची खरी भानगड गाडी थांबली की सुरू होते. रिव्हर्सला मागून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारा कोणी नसतो. पहिल्या आठवड्यात चाकणला एका शेडचा पत्रा मी ठोकलाच, भत्त्यातले पैसे गेले. तेव्हापासून रिव्हर्स घेण्याआधी उतरून मागे चालत जातो, दगड-खांब-वायर सगळं बघतो आणि मगच गाडी घेतो. लोक हसतात. ताडपत्रीचंही तसंच. दोघं असले की अर्ध्या तासाचं काम, एकट्याला दीड तास लागतो. हौद्यावर चढायचं, ओढायचं, उतरायचं, दोर आवळायचा, परत चढायचं. आणि लाज वाटली तरी सांगतो, संडासला जायचं तर गाडी कोणावर सोडायची? शेजारचा ड्रायव्हर कोण, कुठला, चहा पाजून आधी ओळख करून घ्यायची. ही चहाची सवय पुढे मला वाचवणार होती.

मध्येच आठवलं म्हणून सांगतो. बीएस सहा, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची गाडी असेल तर युरियाचा (धूर साफ करायला टाकीत भरतात तो) दिवा लागल्यावर 'पुढच्या पंपावर बघू' म्हणू नका. युरिया संपला की गाडी ओढायचं सोडते, आणि तीही नेमकी चढाला.

तर भिवंडी. तिसरा आठवडा, बुधवार. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद भरली, ५० किलोची ३६० पोती, म्हणजे अठरा टन. हळदीचा माल मला आवडतो. केबिनमध्ये बसलं तरी घरात कुणाचं लग्न असल्यासारखा वास येतो. ट्रान्सपोर्टच्या कारकुनाने बिल्टी (माल गाडीत भरल्याची पावती), इनव्हॉइस आणि ई-वे बिल (माल नेताना सोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) हातात दिलं. मी घडी घालून सनशेडमध्ये खोचलं आणि निघालो. ई-वे बिलावर मुदत लिहिलेली असते, हे तीन वर्षं किन्नरकी करून मला माहीत नव्हतं असं नाही. पण कागद बघणं हे मामाचं काम होतं, माझं काच पुसणं.

रात्रभर चाललो, मध्ये दोन तास झोपलो. एक्सप्रेसवेवर खालापूरचा टोल गुरुवारी सकाळी ७:४० ला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. मुंब्रा बायपासला नेहमीप्रमाणे गाड्यांचा खच पडला होता. गोदामाच्या गेटवर पोचलो तेव्हा ११ वाजले होते. पुढे बावीस गाड्या.

गेटवरच्या वॉचमनने कागद बघितले नाहीत, नाव लिहिलं नाही. एका पुठ्ठ्यावर २३ लिहून दिलं आणि म्हणाला, "बुलायेंगे." मी विचारलं, साधारण कधी? "साहब बोलेगा तब." साहेब कुठे आहेत? "अंदर." हा संवाद पुढच्या दोन दिवसांत माझा त्याच्याशी निदान पंधरा वेळा झाला आणि एकदाही त्यात नवा शब्द आला नाही.

गुरुवारी सहा गाड्या आत गेल्या. गाडी सोडून जेवायला जाता येत नव्हतं. रांग कधी हलेल याचा नेम नाही, आणि आपण जागेवर नसलो की मागचा पुढे घुसतो. संध्याकाळी पाऊस सुरू झाला तो भिवंडीचा पाऊस. रस्त्यावर गुडघाभर पाणी, त्यात डिझेलचा तवंग. रात्री दोनला टॉर्च तोंडात धरून मी हौद्यावर चढलो, कारण मागच्या फाळक्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीवर पाण्याचं तळं साचलं होतं. खालून लाथ मारून पाणी उडवायला किन्नर नसतो तेव्हा ते वरून थाळीने काढावं लागतं. काढलं. सकाळी पुन्हा तेवढंच.

शुक्रवारी दहा गाड्या गेल्या. संध्याकाळी मी हिशोब केला, पुढे सहा आहेत, म्हणजे शनिवारी नक्की. रविवारी गोदाम बंद, म्हणून शनिवार हुकवायचा नव्हता. मालकाचा फोन आला. त्याला परतीचं भाडं शनिवारी दुपारचं मिळत होतं. मी ठासून सांगितलं, होतंय आण्णा, काळजी करू नका. मग शेजारच्या गाडीवाल्याबरोबर चहा घेतला. बीडचा होता, वीसेक वर्षं रस्त्यावर. त्याने उगाच विचारलं, "ई-वे कधीपर्यंत हाय रं?" मी म्हटलं, असेल की. तो काही बोलला नाही. त्याने न बोलता माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यावरून मी लगेच केबिनमध्ये जाऊन कागद काढायला हवा होता. पण मी चहा संपवला, ताडपत्री बघितली आणि झोपलो.

शनिवारी सकाळी सात वाजता २३ नंबर पुकारला. मी गाडी चालू केली, गेटला लावली, कागद दिले. आता पहिल्यांदा वॉचमनने चष्मा लावला. "बिल एक्सपायर है. गाडी पीछे लो."

रात्री बारा वाजता मुदत संपली होती. साध्या गाडीला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. सांगली ते भिवंडी चारशेच्या आत, म्हणून दोन दिवस. बुधवारी काढलेलं बिल, पहिला दिवस गुरुवारच्या मध्यरात्री संपला, दुसरा शुक्रवारच्या. हिशोब अगदी बरोबर होता. मी त्याला म्हटलं, अहो मी गुरुवारी ११ वाजल्यापासून तुमच्याच दारात उभा आहे, तुम्ही आत घेतलं नाही म्हणून मुदत संपली. तो म्हणाला, "एंट्री किधर है?" एंट्री त्यानेच केली नव्हती. पुठ्ठा दाखवला. पुठ्ठ्यावर फक्त २३ होतं.

त्या क्षणी मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा उपयोगही झाला नाही, मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले आणि मी गाडी मागे घेतली. (सरळ घेतली, एका झटक्यात. रागात रिव्हर्स चांगला लागतो.)

बीडवाला खिडकीशी आला आणि म्हणाला, "आठाच्या आत मुदत वाढंती बघ. आठ वाजून गेले की मग सोमवार." मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि संपल्यानंतरचे आठ तास, एवढ्याच वेळात ते बिल वाढवता येतं, आणि ते ट्रान्सपोर्टवाल्याच्या लॉगिनवरून होतं. ड्रायव्हरच्या हातात काही नसतं. म्हणजे शुक्रवारी चार वाजल्यापासून ही खिडकी उघडी होती. मी त्या वेळी चहा पीत होतो.

७:१२. कारकुनाला फोन लावला, वाजून बंद झाला. ऑफिस दहाला उघडतं. परत लावला. सात वेळा. मग मामाला लावला. मामाने काही विचारलं नाही, फक्त "कागद कुणी बघायचा?" एवढंच म्हणाला आणि गाडीला किक मारल्याचा आवाज आला. तो कारकुनाच्या घरी गेला. कारकून आंघोळीला. मामा दारात उभा, मी इथे घड्याळ बघतोय, पाऊस चालू. ७:३८ ला कारकुनाचा फोन आला, आवाजात राग आणि मागे देवाची घंटा.

"कारण काय टाकू?"

"गेटवर उभं केलं होतं."

"तसं कारण नसतंय. इतर टाकतो. आत्ता कुठं आहेस?"

"गेटवर."

"पिनकोड सांग."

भिवंडीच्या त्या रस्त्याचा पिनकोड मला काय ठाऊक! चहावाल्याला विचारलं, त्याला माहीत नाही. वॉचमनला विचारायला मन होईना. पळत पुढच्या हार्डवेअरच्या दुकानापर्यंत गेलो, शटर बंद होतं, पण वर पाटीवर पत्ता होता. ४२१३०२.

"किती किलोमीटर राहिलं?"

"तीस पावलं."

"एक टाकतो," म्हणाला. ७:५२ ला व्हॉट्सअपवर नवं बिल आलं. वॉचमनने ते मोबाइलवर बघितलं आणि प्रिंट मागितली. सकाळी आठ वाजता भिवंडीत झेरॉक्सचं दुकान उघडं सापडणं हा एक वेगळा अनुभव आहे, तो पुन्हा कधीतरी. ९ वाजता गाडी आत गेली आणि रजिस्टरमध्ये माझं नाव पहिल्यांदा लागलं.

आत वाराई, म्हणजे माल उतरवण्याची हमाली. हमालांचा मुकादम पैसे मागायला माझ्याकडेच आला. आमच्याकडे वाहतूकदारांची कित्येक वर्षांची घोषणा आहे, 'ज्याचा माल त्याचा हमाल'. ती मी मनातल्या मनात दिली आणि बाहेरून पैसे दिले, कारण एकटा माणूस, ३६० पोती आणि शनिवार. पावती मात्र मागून घेतली. मुकादम म्हणाला, पावती आजवर कुणी मागितली नाही. मी म्हटलं, मी नवीन आहे. नवीन असल्याचा हा एक फायदा, मूर्खासारखं काहीही मागता येतं.

तीन पोती मागच्या कोपऱ्यात दमट निघाली. त्या तळ्याखालची. पोच देताना आतल्या बाबूने लाल पेनाने लिहिलं, '३ पोती ओली'. मी म्हटलं, मग हेही लिहा, की गाडी गुरुवारपासून बाहेर पावसात उभी होती. तो हसला. मी पोच घेईना. पाच मिनिटं तसाच उभा राहिलो. शेवटी त्याने '३ पोती ओली'च्या खाली 'पावसामुळे' एवढं लिहिलं. गुरुवार शब्द लिहायला काही तो तयार झाला नाही.

आता सांगायचं ते हे, आणि हे मी आधी सांगायला हवं होतं. गेटवर पोचल्या पोचल्या गेट आणि गाडीचा नंबर एका फोटोत येईल असा फोटो काढा आणि लगेच मालकाला पाठवा, म्हणजे वेळ तिकडेही नोंदली जाते. बिल्टीच्या मागे वॉचमनची सही आणि वेळ घ्यायचा प्रयत्न करा. दहातला एक देतो. मी यातलं काहीच केलं नव्हतं. हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी अडकवून ठेवल्याचं भाडं मागायची वेळ आली तेव्हा गोदामवाले म्हणाले, आमच्या रजिस्टरप्रमाणे गाडी चार तासांत मोकळी केली. तेव्हा मालकाच्या मोबाइलवर फास्टॅगचा तो मेसेज सापडला, खालापूर, गुरुवार, ७:४०. खालापूरहून भिवंडीला यायला गाडीला दोन दिवस लागत नाहीत, एवढं तरी त्यांना मान्य करावं लागलं. दोन दिवसांचं हॉल्टिंग मागितलं होतं. अडीच आठवड्यांनी एका दिवसाचं आलं, त्यातून तीन पोत्यांचे पैसे कापून.

परतीचं भाडं अर्थातच गेलं होतं. रविवार भिवंडीतच काढला, सोमवारी दुसरं मिळालं.

मामा त्या सकाळबद्दल नंतर काही बोलला नाही. पण पुढच्या वेळी गाडी भरत होतो तेव्हा यार्डात आला, माझ्या हातातलं बिल घेतलं, मुदतीच्या तारखेभोवती पेनाने गोल केला आणि परत दिलं. आता तो गोल मीच करतो. आणि जिथे माल उतरवायचा तिथला पिनकोड निघण्याआधी सनशेडवर मार्करने लिहून ठेवतो. परवा गाडी धुताना मालकाने ४२१३०२ बघितलं आणि डोळे बारीक करून विचारलं, "हा अर्धा नंबर कुणाचा रे?"