डाव्या पायातली क्लिप

जुन्या फोटोतली कुठलीही मोटरसायकल मराठी घरात बुलेटच असते, जसं कुठलंही वनस्पती तूप डालडा. आमचे आजोबाही बुलेटवर हिंडायचे म्हणे. कुठलंही बारसं, कुठलीही मुंज असो, जेवणं उरकून पानाचं तबक फिरायला लागलं की ही बुलेट निघतेच. पुरावा म्हणून आत्याच्या कपाटातला एक फोटो. नारायण पेठेतल्या वाड्यासमोर उभी मोटरसायकल, हँडलवर हात ठेवून आजोबा, आणि गाडीच्या पुढच्या मडगार्डवर पसरलेला तपकिरी डाग.

तो डाग १२ जुलै १९६१चा. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा ट्रंकेतल्या अल्बमलाही ते लागलं. त्या काळी पुढची नंबरप्लेट मडगार्डवर लांबट, आडवी बसवलेली असायची, नंबर दोन्ही बाजूंनी रंगवलेला. नेमकी तीच या डागाखाली गेली आहे. नाहीतर पहिल्या अक्षरावरूनही बरंच कळलं असतं. मुंबई राज्याच्या पाट्या 'बी'पासून सुरू होत, महाराष्ट्र झाल्यावर 'एम' आला. पण पुराने एक उपकारही केला. फोटो त्याच्या आधीचा आहे, एवढं नक्की झालं. म्हैसूरला जावा बनायला लागली तीच १९६१मध्ये, म्हणजे जावा म्हणणाऱ्या काकांची बाजू तिथेच लंगडी पडली.

बुलेटवाल्यांना मात्र गाडीनेच उत्तर दिलं. मद्रासला १९५५पासून बनू लागलेल्या बुलेटला पुढे टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा चिमटा, आणि मागे शॉकअप होते. फोटोतल्या गाडीचा पुढचा चिमटा पट्ट्यांचा आहे, मधोमध एक जाडजूड स्प्रिंग. मागे तर काहीच नाही, चाक थेट चेसिसला. बसणाऱ्याचं कंबरडं सीटखालच्या दोन स्प्रिंगांच्या भरवशावर. हे सगळं भिंग घेऊन दाखवलं तेव्हा आत्या म्हणाली, "अरे, तेव्हाच्या बुलेट तशाच असायच्या."

मग चुलतभाऊ मैदानात उतरला. त्याने फोटो स्कॅन करून टाकीवर झूम केलं. तीन अक्षरं, दोन पुसट, पहिलं स्वच्छ 'ए'. म्हणजे एजेएस! नाव भारदस्त, इंग्लिश, घरात आनंदीआनंद. नाना पेठेत जुन्या गाड्यांची इंजिनं उघडण्यात ज्यांचं आयुष्य गेलं अशा एका मेकॅनिककाकांना त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांनी टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही. "हेड बघा, किती बुटकं आहे. साइड व्हॉल्व्ह आहे ही," ते म्हणाले. म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला. ओव्हरहेडला, म्हणजे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असलेल्या इंजिनाला, बाहेरून पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या वर चढलेल्या दिसतात, इथे त्या नाहीत. मग जरा थांबून, "आणि सायलेन्सर ह्या अंगाला कसा?"

ह्या काळातल्या इंग्लिश सिंगल सिलिंडर गाड्यांचं सायलेन्सर, गिअरचा दांडा, किक हे सगळं सहसा उजवीकडे, आणि इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या प्रायमरी चेनचं झाकण डावीकडे. आमच्या फोटोत गाडीचं तोंड डावीकडे, म्हणजे दिसते ती तिची डावी बाजू, आणि तरीही सायलेन्सर आपल्या बाजूला. अशी गाडी कुणी केली नसणार. फोटोच उलटा असणार. आजोबांच्या शर्टाकडे पाहिलं तर खिसा उजव्या छातीवर. स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढली होती आणि इतकी वर्षं घरातल्या एकालाही त्या खिशाचं काही वाटलं नव्हतं!

फोटो मोबाईलवर आडवा उलटवला. सायलेन्सर उजवीकडे गेला, खिसा डावीकडे आला. आणि टाकीवरचा 'ए', जो आरशात पाहिला तरी 'ए'च राहतो, तो पहिल्या जागेवरून शेवटच्या जागेवर गेला. बीएसए, तीही इंग्लिशच कंपनी. चिमटा, बुटकं हेड, मागे शॉकअप नाही, हे सगळं जमेस धरून मेकॅनिककाकांनी निकाल दिला: बीएसएचं एम-२० मॉडेल, पाचशे सीसी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या घेतल्या होत्या आणि युद्ध संपल्यावर त्यातल्या कित्येक डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराच्या जुन्या मालाच्या विक्रीत, निघाल्या. लष्कराची छावणी असलेल्या पुण्यात तशी एखादी वाड्यापर्यंत पोचली तर नवल नाही.

पण मला खरी गंमत वाटली ती गाडीच्या खाली. आजोबांच्या पॅन्टच्या पायाला, घोट्याच्या वर, सायकलची क्लिप आहे. मूळ प्रिंटमध्ये डाव्या पायाला, सुलट केल्यावर उजव्या. सायकलची चेन ज्या अंगाला असते, त्याच. पॅन्ट चेनमध्ये अडकू नये म्हणून सारं पुणं ती लावत असे. मोटरसायकलवर हिंडणारा माणूस ती कशाला लावेल? कुणाची तरी बीएसए वाड्यासमोर उभी असणार, आजोबा सायकल भिंतीला टेकवून हँडल धरायला गेले असणार. क्लिप काढायचं सुचलं नाही, किंवा मालक घाई करत असेल.

हे मी आत्याला अजून सांगितलेलं नाही. दरम्यान चुलतभावाने एका ॲपमधून फोटो रंगीत करून घेतला. ॲपने स्वतःच्या अकलेने टाकी लालभडक केली. डिस्पोजलची गाडी ती, खाकी नाहीतर वरून काळी मारलेली असण्याचीच शक्यता जास्त. आत्याने मोबाईल लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "हो, हो, लालच होती. मी पुढे टाकीवर बसायची ना."