तुम्ही विचारलंत म्हणून: कपाटात नेमकं काय लावलंय?

बर्लिनच्या आमच्या घरात न्हाणीघराला लागून एक बोळ आहे. त्या बोळात जवळजवळ माणसाएवढं काळं कापडी कपाट उभं आहे आणि त्याच्या चेनच्या फटीतून पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत उजेड गळत असतो. घरी येणारा प्रत्येक जण चप्पल काढता काढता तिकडे बघतोच. पाहुणा मराठी असेल तर चहा होईपर्यंत दम धरतो, जर्मन असेल तर उंबऱ्यातच विचारतो. प्रश्न एकच असतो: गांजा का?

नाही हो. अंबाडी आहे.

पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इथल्या जुन्या इमारतींमध्ये न्हाणीघरात गॅसचा बंब असतो आणि तो तपासायला अधूनमधून चिमणीवाला, म्हणजे धुराडी बघणारा माणूस, येतो. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, हातात धूर मोजायचं यंत्र. २०२४च्या शरद ऋतूत तो आला तेव्हा मी पाणी घालत होते, कपाट उघडंच होतं. त्याने बंब तपासला, कागदावर सही केली आणि जाता जाता कपाटात डोकावला. मग बोटाने मोजलं. एक, दोन, तीन, चार. माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाला, "बाई, तीनच चालतात."

त्याचं चुकत नव्हतं. त्याच वर्षी १ एप्रिलपासून जर्मनीत नवा कायदा लागू झाला होता. अठरा वर्षांवरच्या माणसाला राहत्या घरी गांजाची तीन रोपं लावता येतात, वाळवलेला माल घरात ५० ग्रॅमपर्यंत आणि बाहेर फिरताना खिशात २५ ग्रॅमपर्यंत बाळगता येतो. विकता येत नाही, आणि पोरांचा हात पोचणार नाही असा बंदोबस्त करावा लागतो. तेव्हापासून बागकामाच्या दुकानांत दिवे, पंखे, कापडी कपाटं यांचे ढीग लागले आणि माझ्या बोळाकडे बघण्याची लोकांची नजरच बदलली. त्याआधी शेजारच्या आजी मला विचारायच्या की टोमॅटो लावलेत का. आता जिन्यात भेटल्या की डोळा मिचकावतात.

मी चिमणीवाल्याला एक कोवळं पान खुडून दिलं आणि म्हटलं, खा. त्याने माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, आणि चावलं. आंबट लागल्यावर त्याचं तोंड जे वाकडं झालं ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. "हे काय आहे?" "भाजी," म्हटलं.

त्याची फसगत होणं साहजिक होतं, कारण या पानाने भल्याभल्यांना फसवलंय. अंबाडीचं शास्त्रीय नावच मुळी हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे गांजासारख्या पानाची जास्वंद. खालची पानं साधी, बदामाच्या आकाराची असतात. झाड वाढू लागलं की वरची पानं हाताच्या पंजासारखी फाकतात, कडेला करवतीचे दाते. पण देठ नीट बघा. अंबाडीची बोटं तळव्याला जोडलेली असतात, गांजाची पाच-सात बोटं देठापर्यंत सुटी असतात. आणि शेवटी जीभ आहेच. (शरबत करतात ती लाल बोंडांची अंबाडी वेगळी, तिची चुलत बहीण म्हणा.)

मी अकोल्याकडची. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात आंबिलीच्या शेजारी अंबाडीची भाजी लागते. पानं उकडून पाणी काढून टाकायचं, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवून घोटायची, वरून लसणाची खमंग फोडणी. पोटाला भाजी आणि खोडाला वाख, एकाच झाडात. खोडं पाण्यात कुजवून वाख सोलायचा, त्याचे बैलांसाठी दोर वळायचे. एवढं सगळं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कुणी खास लक्ष न देता. कपाटाचं ऐकून आई फोनवर म्हणाली, "अगं, धुऱ्यावर फेकली तरी येते ती. तिचे कसले लाड?"

लाड अशासाठी की बर्लिनमध्ये डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस पावणेआठ तासांचासुद्धा नसतो, आणि त्यातही सूर्य ढगातून बाहेर येईल तेव्हा खरं. खिडकीत लावलेली माझी पहिली अंबाडी दोऱ्यासारखी लांब झाली, काचेवर झुकली आणि मेली. म्हणून कपाट. बिया मात्र इथल्याच बियाणेवाल्याकडून मागवल्या. डिसेंबर २०१९पासून युरोपीय संघाबाहेरून बिया आणायच्या तर रोपं-बियाण्यांचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि डब्यातल्या लोणच्यासारखं ते आईकडून मिळत नाही.

कपाट साठ बाय साठ सेंटिमीटर, उंची एकशे साठ. आतून चंदेरी अस्तर, त्यामुळे दिव्याचा उजेड भिंतीत न जिरता पानांवर परत येतो. वर शंभर वॉटचा पांढरा एलईडी. आधी मी स्वस्तातला जांभळा दिवा घेतला होता. लाल आणि निळा उजेड रोपाला पुरतो हे खरं, पण त्या उजेडात हिरवं पान काळं दिसतं. पान पिवळं पडतंय हे मला पंधरा दिवस कळलंच नाही. दिवा पानांपासून वीतभर वर हवा, दीड वीत असला तर बरंच. पानांच्या कडा वर वळू लागल्या की समजायचं, चटका बसतोय. छताजवळ शंभर मिलिमीटरचा पंखा आतली गरम हवा बाहेर ओढतो आणि खालच्या जाळीतून ताजी हवा आपोआप आत येते. पंखा नीट चालतोय हे ओळखायला यंत्र लागत नाही, कापडाच्या भिंती किंचित आत ओढलेल्या दिसतात. आत एक छोटा पंखा वेगळा, रोपं हलवत ठेवायला. वारा लागला नाही तर खोड पिचकं राहतं.

पंखा घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या पोराने कोळशाची गाळणी पुढे केली, वास अडवणारी. मी म्हटलं, नको, वास येत नाही. तो थांबला, आवाज खाली करून म्हणाला, "वास येत नसेल तर तुम्ही काहीतरी चुकताय."

पाण्याचं एवढंच सांगते की नव्या माणसाची रोपं तहानेने क्वचित मरतात, बुडून मरतात. माती ओली राहिली की चिलटं होतात आणि मग ती स्वयंपाकघरात फिरतात. कुंडी उचलून बघायची, हलकी लागली तरच पाणी. आणि विजेची पट्टी जमिनीवर ठेवायची नाही, भिंतीला टांगायची. हे मी एका ओल्या अनुभवानंतर सांगते आहे.

या सगळ्या सामानात सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे दहा युरोचा टायमर. बाहेर गोल तबकडी, तिला पाव पाव तासाचे दाते. दाबले की चालू, उचलले की बंद. अठरा तास दिवा म्हणजे रोज १.८ युनिट, महिन्याला ५४. युनिटला ३५ सेंट धरले तरी १९ युरोंच्या आसपास बिल. नवऱ्याने हा हिशेब फ्रिजवर चिकटवला. मला वाटलं, गावाकडे कुठे अठरा तास ऊन असतं? दाते उचलून बारा तासांवर आणलं. महिन्याभरात शेंड्यांना कळ्या. पाठोपाठ फुलं आली, फिकट पिवळी, मध्ये गर्द जांभळा डोळा, सकाळी उमलून संध्याकाळी मिटणारी. दिसायला फारच सुंदर. पण नवी पानं बारीक झाली, खोड चिवट झालं आणि भाजी संपली.

रोप दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. अकोल्यात जूनमधला दिवस सव्वातेरा तासांचा असतो. तेव्हा अंबाडी नुसती वाढते. दिवस उतरत उतरत बारा तासांवर आला, रात्र लांबली, की तिला कळतं पाऊस सरला, आता बी धरायचं. मी नोव्हेंबरात बर्लिनमध्ये तिला दसरा दाखवला. फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं, हे गणित गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२०मध्ये मांडलं, तेही तंबाखूवरून; खरी मोजणी रात्रीची असते हे नंतर कळलं. तंबाखूची एक जात उन्हाळ्यात फुलायलाच तयार नव्हती. त्यांनी १९१८मध्ये एक बिनखिडक्यांची खोपटी बांधली, दुपार टळली की कुंड्या आत न्यायच्या, सकाळी बाहेर काढायच्या. रात्र लांबल्यावर तंबाखू फुलली. आपण दिवे लावून दिवस लांबवतो, त्यांनी दार लावून तो छोटा केला. गांजाही याच सवयीचा, लांब रात्रीला फुलणारा. म्हणून कपाटाची ही सगळी विद्या गांजावाल्यांकडून आलेली आहे, आणि मी ती चोरून भाजीला लावली. फरक एवढाच की त्यांना फुलं हवी असतात आणि मला नकोच असतात. दाते पुन्हा अठरा तासांवर आहेत. फ्रिजवरचा कागदही आहे.

पुण्याचा भाचा विचारतो, "मावशी, इकडे असं कपाट चालेल का?" कपाट चालेल, आत काय आहे त्यावर पुढचं. आपल्याकडे १९८५चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आहे. परवान्याशिवाय गांजाचं एक झुडूपही लावता येत नाही. बाल्कनीतली कुंडीसुद्धा लागवडच. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. "पण होळीला भांग पितातच ना?" हा त्याचा पुढचा प्रश्न. नुसती पानं गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत म्हणून भांगेला वाट आहे. झाड लावायला ती वाट नाही. आणि अंबाडीसाठी तुला कपाट कशाला रे? गच्चीवर खताची रिकामी गोणी ठेव, जूनमध्ये बी टाक.

चार कुंड्यांतून दहा-बारा दिवसांनी एक जुडी निघते. शेंडे खुडत राहिलं की फांद्या फुटतात, नाहीतर ही बाई शेतात माणसाच्या डोक्यावरून जाते, कपाटात कुठे मावणार? जुडी शिजून दोघांपुरती वाटीभर होते.

आता शेवटचा प्रश्न, हा बहुतेक मंडळी निघताना, बूट घालता घालता विचारतात. कपाट आहे, दिवा आहे, कायद्याने तीन चालतात, मग ते खरं रोप का नाही लावत?

जागा नाही. साठ बाय साठमध्ये चारच कुंड्या बसतात, आणि चारही भरलेल्या आहेत.