चार हजार शहाण्णव

मे महिन्यात आमच्या अंबाजोगाईत दुपारी दीड ते चार माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कुणी फिरकत नाही. त्या दिवशी पावणेदोनला एक गुरुजी नातवाच्या गाडीवरून उतरले. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, कापडी पिशवी पोटाशी धरलेली. पिशवी काउंटरवर ठेवायच्या आधी त्यांनी हातानं काउंटर पुसलं.

"लेकरा, अकरा वर्षांचं काम हाय हिच्यात. आठ दिवस झाले, दिसना गेलंय."

गुरुजी निवृत्त शिक्षक, घाटनांदूरकडचे. वडील निझामाच्या काळात मुनशी होते, त्यांच्याकडून हे उर्दू शिकले. मोडी नंतर स्वतःच्या हिमतीवर. घराघरांत ट्रंकेत पडलेले कागद लोक त्यांच्याकडे घेऊन येतात. इनामाच्या सनदा, खासरा पत्रकं, सावकाराची खतं. गुरुजी ते वाचून सांगतात, स्कॅन करून ठेवतात आणि कागद परत देतात. पैसे घेत नाहीत. २०२३ मध्ये निझामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारनं समिती नेमली, तेव्हापासून त्यांच्या ओसरीवर माणूस हलत नाही. यातले कित्येक मूळ कागद आता वाळवीनं खाल्लेत, काही भावकीच्या वाटणीत गेलेत. उरलंय ते फक्त पिशवीतल्या या ४ टीबीच्या डिस्कवर, आणि दुसरी कॉपी नव्हती.

डिस्क २०१४ साली घेतलेली, स्वतःच्या ॲडॉप्टरवर चालणारी मोठी. लाईट गेली, आली, पुन्हा गेली, आणि परत आली ती जास्तच दाबानं. त्यात खोक्यातलं कार्ड जळालं. दुसऱ्या एका दुकानात खोकं फोडून आतली डिस्क काढली आणि नव्या डॉकमध्ये, म्हणजे उघडी डिस्क यूएसबीला जोडायच्या खाचेत, बसवली. विंडोजनं विचारलं, फॉरमॅट करायची का? तिथल्या पोराचं बोट 'हो'वर जायच्या आत नातवानं वायर ओढली. एकोणीस वर्षांचा मुलगा, पण त्याच्या त्या एका ओढीमुळंच पुढचं सगळं शक्य झालं.

मूळ खोकं कुठंय, विचारलं. भंगारात.

माझ्या कामाच्या मशिनवर विंडोज नाही, डेबियन लिनक्स आहे, आणि डिस्क आपोआप उघडायची सोय मी बंद करून ठेवलेली आहे. आलेल्या डिस्कवर माझ्या मशिनकडून एक अक्षरही लिहिलं जाता कामा नये, हे मी पहिल्या वर्षापासून पाळतो. 'डिस्क ओळखत नाही' ही तक्रार रोज येते, पण तिच्या पोटात चार वेगळ्या तक्रारी असतात. डिस्कला वीजच पुरत नाही, ही पहिली. यूएसबी २ च्या पोर्टातून ५०० मिलिॲम्पिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००, आणि लहान डिस्कला फिरायला सुरुवात करताना कधीकधी त्याहून जास्त लागतात. मग ती नुसती टिकटिकते. कॉम्प्युटरच्या तोंडाकडचा पोर्ट सोडून मागचा वापरला तरी निम्म्या डिस्का तिथंच बऱ्या होतात. दुसरी, वीज आहे पण बोलणं होत नाही. अशा वेळी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदीत उणे ७१ किंवा उणे ११० असा आकडा येतो, आणि बहुतेक वेळा वायर बदलली की काम होतं. तिसरी, डिस्क दिसते पण तिच्यावरची विभागणी कळत नाही. चौथी, विभागणी कळते पण फाइलसिस्टिम, म्हणजे त्या भागात फाइली मांडायची पद्धत, उघडत नाही. विंडोज पूर्ण बंद न करता डिस्क काढलेली असली की विंडोजची फाइलसिस्टिम, एनटीएफएस, अशी अडून बसते. यातली नेमकी कोणती, हे कळायच्या आत हात लावला की नुकसान होतं.

म्हणून आधी टर्मिनलमध्ये कर्नलच्या नोंदी दाखवणारं 'डीमेसेज' चालू ठेवलं आणि मग वायर जोडली. नोंदी सरसर आल्या, डॉक दिसला, चार टीबीचा आकडाही आला. गुरुजींच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. पंधरा सेकंदांनी 'रीसेट'. परत पंधरा सेकंदांनी 'रीसेट'.

हा रोग माझ्या ओळखीचा. यूएसबी डिस्कशी बोलायच्या लिनक्सकडं दोन तऱ्हा आहेत: जुनी साधी, आणि नवी वेगवान, तिला यूएएस म्हणतात. काही डॉकच्या चिपांना नवी झेपत नाही, तरी त्या झेपते म्हणून सांगतात. जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या 'एलएसयूएसबी' आज्ञेतून डॉकचा ओळख क्रमांक घेतला आणि या डॉकशी जुन्याच तऱ्हेनं बोल असं कर्नलला सांगितलं. रीसेट थांबले.

पण गुरुजींचे कागद अजून दिसत नव्हते. माउंट करायला, म्हणजे डिस्कवरचा भाग उघडायला गेलो, अर्थात फक्त वाचण्यापुरतं, तर उत्तर आलं की फाइलसिस्टिमचा प्रकारच जुळत नाही. या टप्प्यावर बरेच जण रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून मोकळे होतात. त्यात फाइली निघतातही, पण बऱ्याचदा नावं जातात. गुरुजींनी प्रत्येक फाइलला गाव, घराणं आणि साल घालून नाव दिलेलं. नावं गेली तर हजारो कागद पुन्हा उघडून वाचावे लागले असते, आणि गुरुजींचं वय चौऱ्याहत्तर.

मी डिस्का आणि त्यांचे भाग दाखवणाऱ्या 'एलएसबीएलके' आज्ञेनं आलेल्या दोन ओळींकडे बघत बसलो. डिस्क ३.६ टीबी. तिच्यावरचा एकुलता एक भाग ४६५.८ जीबी.

"गुरुजी, डिस्कचे भाग पाडले होते का कधी?"

"नाही रे. घेतली तशीच वापरली."

मग बाकीचे तीन टीबी गेले कुठं? कागद ओढला आणि ३७२६ ला ८ नं भागलं. ४६५.७५. भाग बरोबर एक अष्टमांश होता. बिघाडानं आकडे वेडेवाकडे होतात, असा नेमका भागाकार कधी येत नाही. डिस्कवरची जागा सेक्टर नावाच्या तुकड्यांत मोजतात. भागाच्या सुरुवातीचा सेक्टर बघितला, २५६ वा. सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर ही जागा १२८ किलोबाइटवर येते. ४०९६ चा धरला तर बरोबर एक मेगाबाइटवर, आणि विंडोज व्हिस्टापासून भाग तिथूनच सुरू करायची रीत आहे.

गुरुजी विचारत होते काय झालं. मी म्हणालो, "सातबाऱ्यावर नुसतं २ लिहिलंय असं समजा. हेक्टर धरलं तर जवळपास पाच एकर, एकर धरलं तर दोनच. आकडा बरोबर आहे, माप बदललंय."

जुन्या पद्धतीच्या विभागणीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असतो. ५१२ च्या मापानं मोजलं तर तो २ टीबीलाच संपतो. त्यामुळं त्या काळातल्या काही मोठ्या डिस्कांच्या खोक्यातलं कार्डच कॉम्प्युटरला सांगायचं की माझा सेक्टर ४०९६ चा आहे. हिशोब आठपट लांब पोचायचा. डिस्क मुळात ५१२ नंच मोजणारी. भाषांतर करायचं ते कार्ड. कार्ड जळालं, खोकं भंगारात गेलं, आणि नवा डॉक जुने आकडे ५१२ च्या मापानं वाचत बसला.

तरी हा अंदाजच होता, खात्री करायची होती. डिस्कवरच्या एक मेगाबाइटच्या जागेवरून पहिले ५१२ बाइट वाचून पडद्यावर आणले. शून्यापासून मोजलं तर तिसऱ्या घरापासून ४ई ५४ ४६ ५३. एन, टी, एफ, एस. गुरुजींचा दरवाजा इथं होता, आम्ही भलत्याच भिंतीवर धडका देत होतो. त्याच ओळीत पुढं, अकराव्या घरात, सेक्टरचं माप लिहिलेलं असतं. तिथं होतं: ०० १०.

"हा शून्य न् दहा?" गुरुजी खुर्ची ओढून पडद्यापाशी आले होते.

"हे उजवीकडून वाचायचं गुरुजी. पण जोडी मोडायची नाही. आधी १०, मग ००."

ते थोडे थांबले. "आमच्या उर्दूत अक्षरं उजवीकडून, आकडा मात्र डावीकडूनच. हितं तर आकडाच उजवीकडून. म्हणजे एक हजार?"

"सोळाच्या पाढ्यातला हजार. सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा."

नातू मोबाइल काढेपर्यंत गुरुजींनी तोंडी करून सांगितलं, "चार हजार शहाण्णव."

पुढचं काम एका ओळीचं. 'लॉसेटअप' नावाची आज्ञा आहे. ती डिस्कवर एक आभासी डिस्क उभी करते, आणि तिला सेक्टरचं माप आपण सांगू शकतो. माप ४०९६ दिलं, फक्त वाचण्याचा पर्याय लावला. 'एलएसबीएलके'त तो भाग आता ३.६ टीबीचा दिसला. माउंट केलं.

गावांच्या नावांचे फोल्डर एकाखाली एक उघडले: पूस, बर्दापूर, घाटनांदूर. मला वाटलं होतं गुरुजी काही बोलतील. त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत लावला आणि एका फाइलीवर बोट ठेवलं. पिवळा कागद, कोपरा फाटलेला, वर उर्दूतली एक ओळ. ते वाचू लागले, "तालुका मोमिनाबाद..." आमच्या अंबाजोगाईचं निझामकाळातलं नाव. खाली साल, १३४७ फसली, म्हणजे निझामाच्या महसुली कालगणनेतलं. "यात ५९० मिळवायचे," ते नातवाला म्हणाले, "१९३७ च्या आसपासचं." आणि मला म्हणाले, "हे बी मापच हाय की. नुसतं १३४७ वाचलं तर माणूस सहाशे वर्षं मागं जाईल."

नवी डिस्क आणायला नातू मोंढ्याकडं पळाला. कॉपी करायचं होतं ६४० जीबी, अडीच तास लागले. मधे एकदा लाईट गेली. इन्व्हर्टरवर मशिन चालू राहिलं, पंखा मात्र मी बंद केला, बॅटरी पुरावी म्हणून. आम्ही तिघं घामाघूम होऊन पडद्यावरचा आकडा बघत बसलो. चहा मागवला, तो तसाच गार झाला. शेवटी दोन्हीकडच्या फाइली एकेक जुळवून बघितल्या. एकही कमी नव्हती.

दुसरी कॉपी लातूरला लेकीकडं ठेवा, असं मी म्हणालो. गुरुजींनी लगेच तिला फोन लावला आणि कपाटातली जागा मोकळी करायला सांगितली. मग माझ्याकडनं चिकटपट्टी मागून घेतली, जुन्या डिस्कवर लावली आणि पेनानं सावकाश लिहिलं: माप ४०९६. खाली तेच उर्दूत. मी बघत होतो, शब्द त्यांनी उजवीकडून लिहिला आणि आकडा डावीकडून.