कोजागिरीला सोलापूर ते तुळजापूर चालत: तामलवाडीच्या पुढचं कुणी सांगत नाही

"४५ किलोमीटर, एक रात्र, खायला-प्यायला रस्ताभर मिळतं." सोलापुरात कुणालाही विचारा, एवढंच सांगतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिन्हींनी माणूस फसतो. तळपाय अजून नीट टेकवत नाहीत, त्यामुळे भाषा जरा कडक वाटेल.

आधी अंतर. विजापूर रोड, होटगी रोडकडच्या मंडळींना घरापासूनच चालत निघायची हौस असते. त्यात सोलापुरातल्याच रूपाभवानीच्या देवळापर्यंत पाच-सहा किलोमीटर खर्ची पडतात. तेवढं रिक्षाने या. रूपाभवानीचं दर्शन घ्या आणि चालायला तिथून लागा. ताशी चार किलोमीटरने अकरा-साडेअकरा तास होतात, थांबे धरून चौदा. संध्याकाळी पाचला निघालात तर तुळजापूर सकाळी सातला. रात्री नऊला जेवूनखाऊन निघणारे तुळजापूरच्या अलीकडच्या घाटाला उन्हात सापडतात, आणि ऑक्टोबरचं ऊन म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको.

तारखेचाही घोळ आहे. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर देवी पलंगावर श्रमनिद्रा घेते आणि अश्विन पौर्णिमेला पहाटे मूर्ती पुन्हा सिंहासनावर येते. कॅलेंडरवरची कोजागिरी आणि देवळातली पौर्णिमा काही वर्षी एका दिवसाने मागेपुढे होते. त्यामुळे मंदिराचा कार्यक्रम बघूनच निघायचा दिवस ठरवा. सोलापूरच्या मानाच्या काठ्या आणि छबिना, म्हणजे देवीची मिरवणूक, बघायचा असेल तर मुक्काम धरूनच चला.

हिप्परग्याच्या तलावापर्यंत सांगण्यासारखं काही नाही. संबळ, आराधी, "आई राजा उदो उदो", पाय आपोआप पडतात. उळेही असंच निघून जातं.

घात करतं ते फुकटचं खाणं. दर शंभर पावलांवर कुणीतरी आग्रहाने हातात द्रोण देतं: साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, शिरा, चहा आणि कोजागिरी म्हणून मसाला दूध. उपवासाच्या पोटी तेलकट खिचडी, वर आटीव दूध, की मध्यरात्री छातीत जळजळ आणि पोटात कळ ठरलेली. वाटेत स्वच्छतागृहं नसल्यातच जमा. बायकांचे तर हालच. दूध एकदाच, एक घोट, प्रसाद म्हणून. उपवास नसेल तर घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या. वजन नाही, खराब होत नाही. पाण्यात ओआरएस घालून दर तासाला थोडं थोडं घ्या. नुसतं पाणी ढोसलं की पोटऱ्यांत गोळे येतात.

तामलवाडीला निम्मी वाट सरते. जिल्हा बदलतो, धाराशिव लागतो आणि इथूनच खरा त्रास. सांगवी, माळुंब्रा या टप्प्यात मध्यरात्र उलटलेली असते, खाण्यापिण्याचे मांडव विरळ होतात, घामाने ओला सदरा गार पडतो. रस्त्यावर चिकट द्रोण, केळीच्या साली, पाण्याची रिकामी पाकिटं. अनवाणी चालणारे कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून एकामागे एक चालतात, कारण खडीच्या डांबरापेक्षा रंगाचा थर गुळगुळीत असतो. पट्टा धरा, पण पाऊस झाला असेल तर सोडा. ओला झाला की पाय सटकतो.

सेवेकरी मंडळी पाय चेपून देतात. पोटऱ्या खुशाल चेपून घ्या, तळव्याला मात्र तेल लावू देऊ नका. तेलकट तळव्याला बारीक खडी चिकटते आणि तिथेच कातडी सोलते. गरम पाण्यात पाय बुडवणंही वाटेत नको. कातडी मऊ पडते आणि तासाभरात फोड येतो. आलाच तर फोडू नका, वर कापूस ठेवून कागदी चिकटपट्टी लावा. फोडापेक्षा जास्त माणसं मांड्या घासून बसतात, लाजेने बोलत नाहीत इतकंच. निघताना आणि तामलवाडीला व्हॅसलीन लावा. पुरुषांनी आत घट्ट हाफ पँट, बायकांनी साडीखाली लेगिंग घालावी. बूट नवे नकोत, आणि पाय सुजतात म्हणून नाडी सैल ठेवा. थांबा दहा मिनिटांचाच. अर्धा तास आडवे झालात की गुडघे उघडत नाहीत.

घाट वाटतो तेवढा वाईट नाही. चढावर पोटऱ्या ओरडतात, पण दिवे दिसतात आणि माणूस ओढला जातो. खरी कसोटी पुढे. देऊळ खोलगट भागात असल्याने महाद्वारातून पायऱ्या उतराव्या लागतात, आणि रात्रभर चाललेल्या गुडघ्यांना उतारच सोसत नाही. कल्लोळ तीर्थ, गोमुखाच्या बाजूला फरशी ओली असते. आडवं पाऊल टाकून, कठडा धरून उतरा. रांगेत उभं राहणं चालण्यापेक्षा जड जातं. म्हातारी माणसं सोबत असतील तर मुखदर्शन घेऊन निघा, त्यात कमीपणा नाही.

लूट होते ती इथे. "चपला इथे ठेवा, पैसे नंतर द्या" म्हणत ओटीची परडी हातात देतात आणि परतल्यावर तोंडाला येईल तो आकडा सांगतात. परडी हातात घेण्यापूर्वीच किंमत विचारा. खण आणि हळदकुंकू सोलापुरातून मधल्या मारुतीजवळून घ्या. नारळ तेवढा तुळजापुरात, अर्धा किलोचं ओझं रात्रभर कशाला?

परतीला जीपवाले दमलेला माणूस बघूनच भाडं सांगतात. एसटीत बायकांना निम्मं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. चार-पाच जणांचा हिशेब केला तर जीप परवडत नाही. फक्त यात्रेत गाड्या नेहमीच्या जागेवरून सुटतीलच असं नाही, म्हणून घाट चढून आल्यावर पहिल्याच पोलिसाला विचारून ठेवा. जीपनेच यायचं असेल तर भाड्याबरोबर उतरवणार कुठे तेही ठरवा. त्यांचं सोलापूर जुन्या तुळजापूर नाक्यावर संपतं, आणि तिथून विजापूर रोडच्या सैफुलपर्यंत पुन्हा रिक्षा करावी लागते.