बगॅसचा दर कोणी ठरवायचा?

एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागात काम करत असताना सहवीजनिर्मिती (साखरेसाठी लागणाऱ्या वाफेबरोबरच वीज तयार करणाऱ्या) प्रकल्पाचे पहिले स्वतंत्र नफा-तोटा पत्रक माझ्यासमोर आले. नफा मोठा दिसत होता, कारण इंधनाच्या रकान्यात बगॅसची, म्हणजे रस काढल्यावर उरणाऱ्या उसाच्या चोथ्याची, किंमत शून्य धरली होती. तेच बगॅस बाजारभावाने धरले असते, तर वीज प्रकल्पाचा नफा बराच घटला असता आणि साखर विभागाचा तोटा तेवढाच कमी झाला असता. कारखान्याच्या तिजोरीत मात्र एका रुपयाचाही फरक पडला नसता. चक्राकार अर्थव्यवस्थेचा, म्हणजे टाकाऊ पदार्थ पुन्हा वापरात आणण्याचा, फायदा मोजायचा म्हणजे काय, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे.

एक टन ऊस गाळला की साधारण २८० किलो बगॅस, ४० ते ४५ किलो मळी (साखर काढल्यावर उरणारा दाट पाक) आणि ३० ते ४० किलो प्रेसमड (रस गाळताना उरणारा गाळ) निघतो. यातील काहीही वाया जात नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. पण बगॅस तर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये पूर्वीपासूनच जळत होते. म्हणून नव्या गुंतवणुकीचे मोल ठरवताना एकूण विजेची विक्री न पाहता, ती गुंतवणूक केली नसती तर काय घडले असते, त्याच्याशी तुलना करायला हवी. समजा, शंभर टन उसामागे ५० टन वाफ लागत होती आणि सुधारणांनंतर ४० टन लागू लागली. एक टन बगॅसपासून सुमारे २.२ टन वाफ मिळते, म्हणजे शंभर टन उसामागे साडेचार टन बगॅस वाचले. रोज ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात १२० दिवसांच्या हंगामात ही बचत सुमारे २७,००० टनांवर जाते. सुधारणेचे श्रेय एवढेच, आणि त्यातूनही कर्जाचे व्याज व घसारा वजा करावा लागतो.

इथेनॉलच्या बाबतीत हीच वजाबाकी अधिक काटेकोरपणे करावी लागते. बी-हेवी मळीपासून (साखर पूर्ण न काढता मधल्या टप्प्यावरच घेतलेल्या मळीपासून) इथेनॉल जास्त मिळते, कारण साखर होऊ शकली असती असा अंश मळीतच ठेवलेला असतो. त्या न झालेल्या साखरेची किंमत इथेनॉलच्या उत्पन्नातून वजा केली नाही, तर एकच ऊस दोनदा मोजला जातो. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा एकाच वर्षाच्या दरावर बेतलेले प्रकल्प अहवाल किती नाजूक असतात, हे अनेकांनी अनुभवले.

याउलट, आसवनीतील (मळीपासून इथेनॉल करणाऱ्या विभागातील) स्पेंटवॉशचा, म्हणजे इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा, लाभ पत्रकात सहसा कमी दिसतो. त्याची विल्हेवाट हा पूर्वी निव्वळ खर्च होता आणि प्रदूषणामुळे आसवनी बंद ठेवावी लागण्याची टांगती तलवारही असे. आता तो बॉयलरमध्ये जाळल्यावर उरणाऱ्या राखेतून पोटॅश खत मिळते, आणि पोटॅशसाठी आपला देश जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. खताची विक्री हिशेबात येते. टळलेला खर्च आणि बंद न पडलेले दिवस मात्र कुठल्याच बिलावर नसतात. माझ्या मते त्यांची नोंद स्वतंत्र रकान्यात, गृहीतके स्पष्ट लिहून करावी.

या साऱ्याचा सर्वांत थेट संबंध ऊस उत्पादकाशी आहे. साखर क्षेत्राच्या नियमनाविषयीच्या रंगराजन समितीच्या सूत्रानुसार साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड या प्राथमिक उपपदार्थांच्या मूल्यातील ७० टक्के वाटा शेतकऱ्याचा ठरतो, आणि तो एफआरपीपेक्षा (केंद्र सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरापेक्षा) जास्त निघाला तर वरचा फरक देणे येते. कारखान्याने स्वतःच वापरलेल्या बगॅसची बाजारात विक्रीच होत नसल्याने त्याचा दर कागदावर ठरवावा लागतो. टनामागे १०० किलो बगॅस शिल्लक धरले आणि त्याचा दर टनाला ५०० रुपयांनी कमी लावला, तर उसाच्या प्रत्येक टनामागे शेतकऱ्याच्या वाट्यातून ३५ रुपये जातात. १०० टन ऊस घालणाऱ्या सभासदासाठी ही रक्कम ३,५०० रुपये होते.