फूटरेस्ट जागेवरच, मी चार सेंटिमीटर पुढे

७,८६० किमी

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की दीड-दोन तास मोटरसायकल चालवली की माकडहाड ठणकायला लागतं आणि उजव्या नडगीत आग होते. त्यानंतर तीन महिने त्याच्याच मागे लागले होते. आता हाती काहीतरी आलंय, म्हणून मीटरवरच्या किलोमीटरच्या क्रमाने सविस्तर लिहिते.

आधी मापं. उंची ५ फूट २ इंच, बुटाचा नंबर ५, गाडी साडेतीनशे सीसीची क्रूझर. ही गाडी घेतली ती सीट खाली आहे म्हणून. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतात. जयगड-तवसाळ फेरीबोटीच्या ओल्या लोखंडी उतारावरून जड गाडी उतरवताना याचं मोल कळतं. पण सीट खाली घेतली की फूटरेस्ट पुढे न्यावे लागतात, नाहीतर गुडघे पोटाशी येतील. ज्या कारणाने कमी उंचीच्या माणसाला ही गाडी पेलते, त्याच कारणाने त्याला पाय ताणून बसावं लागतं. क्रूझर घ्यायच्या विचारात असलेल्या माझ्या उंचीच्या सगळ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. शोरूममध्ये दोन मिनिटं बसून ते कळत नाही.

पाय लांब पुढे गेले की कंबर मागे कलंडते, पाठीचा खालचा भाग गोल होतो आणि सगळं वजन माकडहाडावर येतं. पाय शरीराच्या खाली नसल्यामुळे खड्डा दिसला तरी फूटरेस्टवर भार देऊन बूड उचलता येत नाही. हँडल ओढूनच उठावं लागतं. माझा नेहमीचा रस्ता रत्नागिरी, आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, मग बोटीने तवसाळ आणि पुढे हेदवीला आत्याकडे. दर वाडीला गतिरोधक. प्रत्येक दणका थेट मणक्यात.

८,२४० किमी

नडगीचं कोडं आधी सुटलं. मला वाटत होतं पाय ताणल्यामुळे आग होतेय. मग डाव्या नडगीत का नाही? भावाला मागे बसवून आरे-वारेला नेलं आणि माझ्या पायाकडे लक्ष ठेवायला सांगितलं. परत आल्यावर म्हणाला, "ताई, तुझा उजवा चवडा सतत हवेत असतो."

ब्रेक पेडल माझ्या छोट्या पावलाच्या मानाने उंच होतं. त्यावर चुकून दाब पडू नये म्हणून मी नकळत चवडा वर उचलून धरत होते, तासन् तास. नडगीपुढचा स्नायू त्यानेच थकत होता.

पेडल सुमारे १५ मिलिमीटर खाली घेतलं. माझ्या गाडीला मागे डिस्क ब्रेक आहे. पेडलपासून मास्टर सिलिंडरकडे (ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या नळकांड्याकडे) जाणाऱ्या दांडीचा लॉकनट, म्हणजे ती जागेवर घट्ट धरणारा नट, ढिला करून दांडी फिरवली की उंची बदलते. काम दहा मिनिटांचं, पण दोन गोष्टी तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. एक, पेडल दाबायला सुरुवात केल्यावर थोडा मोकळा खेळ राहिला पाहिजे. तो राहिला नाही तर ब्रेक कायम किंचित लागलेला राहतो आणि डिस्क तापते. मधल्या स्टँडवर चाक हाताने फिरवून बघा. दुसरी, ब्रेक लाइटचा स्विच. पेडल हललं की त्याचंही जुळणं बिघडतं. माझा लाइट सतत पेटलेला होता, भावाच्या लक्षात आलं म्हणून बरं.

गिअर लिव्हरही त्याच दिवशी खाली घेतला. त्याच्या जोडदांडीला दोन लॉकनट असतात आणि एका टोकाला बहुधा उलटे आटे असतात. जोर करण्याआधी नीट बघा.

पुढच्या रविवारी हेदवीपर्यंत नडगी एकदाही जाणवली नाही. माकडहाड मात्र तसंच.

८,९०० किमी

लेग गार्डवर बसवायच्या जादा पायठेवण्या लावून बघितल्या. पाय आणखी पुढे, जवळजवळ सरळ. मालगुंडच्या पुढे सड्यावर, कातळाच्या पठारावर, रस्ता मोकळा आहे, तिथे गुडघे सुटे झाल्यासारखे वाटले हे खरं. पण तिथून पाय ब्रेकवर परत आणायला एक सेकंद तरी जातो, आणि ६० च्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. आमच्याकडे वळण संपतं तिथे गुरं असतात, नाहीतर शाळेतून परतणारी पोरं. पंधरा दिवसांत काढून टाकल्या. चौपदरी सरळ हमरस्त्यावर चालवणाऱ्यांचा अनुभव वेगळा असेल. सागरी रस्त्यावर मी त्या वापरणार नाही.

फूटरेस्टच मागे घ्यायचे का? मेकॅनिककाका म्हणाले, "ताई, पट्टी मारून दोन इंच मागे आणतो." मी दोन दिवस विचार केला आणि नको म्हटलं. फूटरेस्ट मागे आले की पेडल, लिव्हर आणि त्यांच्या दांड्या, सगळंच मागे आणावं लागतं. आणि ज्या पट्टीवर माझं वजन आणि मागचा ब्रेक दोन्ही अवलंबून, ती घरगुती जोडाची नको. कावासाकी व्हल्कन एस या गाडीला ही सोय मुळातच दिलेली आहे, फूटरेस्ट मधल्या जागेपासून २५ मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवता येतात. अशी सोय आणखी गाड्यांना मिळावी असं मनापासून वाटतं. एकाच मापाची बैठक पाच फुटांच्या आणि सहा फुटांच्या माणसाला सारखीच कशी बसेल?

९,३१० किमी

मग उलटा विचार केला. फूटरेस्ट माझ्याकडे येत नाहीत, तर मी त्यांच्याकडे जावं.

घरचा पंचा घट्ट गुंडाळून सीटच्या मागच्या चढाला टेकवला आणि दोरीने बांधला. त्यामुळे मी साधारण चार सेंटिमीटर पुढे सरकले. भावाने बाजूने फोटो काढले आणि त्यावर कोनमापक ठेवून गुडघ्याचा कोन मोजला. आधी १५० अंशांच्या आसपास होता, आता १३० च्या खाली. पायात वाक आल्याबरोबर कंबर सरळ झाली, आणि पंचाचा आधार नेमका पाठीच्या खालच्या भागाला मिळाला.

त्या दिवशी आरे-वारेच्या चढावर पहिल्यांदा दणक्याआधी पायांवर थोडा भार देता आला. पूर्ण उभं राहता येत नाही, त्याची अपेक्षाही नाही. बूड दोन बोटं हलकं होतं, आणि तेवढं पुरतं. हेदवीला पोचल्यावर गाडीवरून उतरले आणि सरळ चालत पडवीत गेले. आत्याने विचारलं, "आज बोटीला गर्दी नव्हती वाटतं?" मी न थकता आले होते, एवढंच.

पुढच्या आठवड्यात सीटवाल्याकडून पंचाच्या मापाचा घट्ट फोम मागच्या बाजूला शिवून घेतला. फोम कडकच घ्या. मऊ फोम अर्ध्या तासात दबतो आणि आपण पुन्हा मागे घसरतो.

९,७०० किमी

पुढे सरकल्यामुळे हँडल जास्त जवळ आलं आणि मनगटं वाकू लागली. क्लँप ढिले करून हँडल किंचित पुढे फिरवलं. ते टोकापर्यंत दोन्ही बाजूंना वळवून क्लचची केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, हे पाहिलं.

बुटांचा फरक मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. सपाट तळाच्या बुटात पाऊल फूटरेस्टवरून पुढे सरकत राहतं, विशेषतः पावसात, आणि त्याला जागेवर ठेवण्यात पोटऱ्या दमतात. टाच वेगळी असलेल्या बुटात तिच्या पुढची खाच फूटरेस्टच्या कडेला अडकते आणि पाय आपोआप टिकून राहतो. गमबूट घातला तर तळ जाड असल्यामुळे पेडल पुन्हा उंच वाटतं, म्हणून पावसाळ्यासाठी ते आणखी चार-पाच मिलिमीटर खाली घेतलंय.

१०,४५० किमी

आज रत्नागिरी ते गुहागर आणि परत, एका दिवसात. जाताना मध्ये कुठे थांबले नाही, बोटीची वाट बघितली तेवढीच. माकडहाड शांत. नडगी शांत. परतीच्या शेवटच्या तासात डावी टाच थोडी दुखली. गिअर चढवायला मी मागचा, टाचेचा लिव्हर वापरते आणि तो अजून उंच आहे. आता तो ज्या दातेरी दांड्यावर बसतो, त्यावर एक दात खाली बसवून बघायचा आहे.

नव्या फोमच्या शिलाईतून पाणी आत जातं आणि दोन दिवस सीट ओलसर राहते, हे या पावसात कळलं. गणपतीत हेदवीला जायच्या आधी शिलाई उसवून आतून प्लास्टिक लावून घेणार आहे. कोणी शिलाईशिवाय, चिकटवून रेक्झिन चढवलं असेल तर ते किती टिकलं, ते कळवा.